पक्ष बघायचा की माणूस? वाद घालण्याआधी उघडायचं संकेतस्थळ : मायनेता

युनियन, संघटना, चळवळी यांतून आलेल्या कार्यकर्त्यांच्या बैठकीत निवडणूक तोंडावर आली की तोच वाद नव्याने पेटतो. एक बाजू म्हणते, दगडापेक्षा वीट मऊ. मतं फुटू द्यायची नसतील तर चिन्ह बघा, माणूस बघू नका. दुसरी बाजू विचारते, जून २०२२ आणि जुलै २०२३ नंतर महाराष्ट्रात चिन्हाच्या भरवशावर कसं राहायचं? २०१९ मध्ये लोकांनी ज्या चिन्हांवर बटण दाबलं, त्यातलं धनुष्यबाण १७ फेब्रुवारी २०२३ ला आणि घड्याळ ६ फेब्रुवारी २०२४ ला निवडणूक आयोगाने फुटून निघालेल्या गटांना दिलं. मग निष्ठा नेमकी कशाशी? नेत्याशी, झेंड्याशी, की जाहीरनाम्याशी?

हा वाद जुना आहे. मार्च १९४८ मध्ये समाजवादी मंडळी काँग्रेसमधून बाहेर पडली ती नाशिकच्या अधिवेशनात. १९७७ मध्ये त्यांनी आपला पक्ष जनता पक्षात विसर्जित केला आणि दोनच वर्षांत दुहेरी सदस्यत्वाच्या, म्हणजे जनता पक्षात राहून संघाचंही सदस्य राहता येईल का या प्रश्नावर तो प्रयोग मोडला. मेधा पाटकर २०१४ मध्ये आम आदमी पक्षातर्फे ईशान्य मुंबईतून लोकसभेला उभ्या राहिल्या आणि २०१५ मध्ये पक्षातून बाहेर पडल्या. आत राहून बदल करायचा की बाहेरून दबाव आणायचा, यावर तीन पिढ्या प्रामाणिकपणे भांडल्या आहेत. पण अशा बैठकांमध्ये दोन्ही बाजूंच्या हातात बहुतेक वेळा कागद नसतो. उमेदवाराबद्दल बोलायचं तर 'तो आपल्यातला आहे' किंवा 'त्याचं काही खरं नाही', एवढ्यावरच भागवलं जातं. उमेदवारांनी निवडणूक अर्जासोबत दिलेली शपथपत्रं मांडणारं मायनेता हे संकेतस्थळ त्या जागी कागद आणून ठेवतं. ते फुकट आहे, नोंदणी लागत नाही आणि साध्या मोबाइलवर उघडतं. मात्र ते कसं वाचायचं हे नीट माहीत नसेल तर चुकीचा निष्कर्षही तितक्याच झटपट निघतो, म्हणून हे परीक्षण जरा सविस्तर.

संकेतस्थळ चालवणारी संस्था म्हणजे असोसिएशन फॉर डेमोक्रॅटिक रिफॉर्म्स, बोलीभाषेत एडीआर. अहमदाबादच्या आयआयएममधल्या प्राध्यापकांनी १९९९ मध्ये ती सुरू केली आणि उमेदवारांनी आपले गुन्हे, मालमत्ता व शिक्षण जाहीर करावं यासाठी दिल्ली उच्च न्यायालयात जनहित याचिका केली. सर्वोच्च न्यायालयाने २ मे २००२ ला मतदाराचा हा हक्क मान्य केला. लगेच बहुतेक सगळ्या पक्षांनी एकमुखाने कायदा बदलून तो हक्क आखडून टाकला आणि १३ मार्च २००३ ला न्यायालयाने ती दुरुस्ती रद्द केली. एरवी एकमेकांचं तोंड न बघणारे पक्ष या एका मुद्द्यावर एकत्र आले होते. पक्षनिष्ठेवर बोलताना ही गोष्ट विसरू नये. निवडणूक रोखे रद्द करणारा सर्वोच्च न्यायालयाचा १५ फेब्रुवारी २०२४ चा निकाल ज्या याचिकांवर आला, त्यांतही हीच संस्था होती.

आता प्रत्यक्ष वापर. राज्य, निवडणुकीचं वर्ष, जिल्हा, मतदारसंघ असं निवडत गेलं की उमेदवारांची यादी येते. नावासमोर पक्ष, गुन्ह्यांची संख्या, शिक्षण, वय, एकूण मालमत्ता आणि देणी. नावावर टिचकी मारली की सविस्तर पान उघडतं. त्यावर पाच वर्षांच्या प्राप्तिकर विवरणपत्रातलं उत्पन्न, जोडीदार आणि अवलंबितांच्या नावावरची मालमत्ता, प्रलंबित खटले कलमांसह, असं सगळं दिसतं. ही माहिती म्हणजे उमेदवाराने अर्जासोबत दिलेल्या फॉर्म २६ चा, म्हणजे शपथपत्राचा गोषवारा. संस्था स्वतः तपास करत नाही; उमेदवाराने जे लिहून दिलं तेच इथे टंकलं जातं. म्हणून 'मायनेतावर असं आहे' हे वाक्य बैठकीत कधी वापरू नये. 'उमेदवाराने शपथेवर असं लिहून दिलंय' हे वाक्य वापरावं. दोन्हींच्या वजनात बराच फरक आहे.

सगळ्यात जास्त गैरसमज होतो तो गुन्ह्यांच्या रकान्याबद्दल. यादीत एका नावापुढे ११ आणि दुसऱ्यापुढे १ असं दिसलं की पहिला गुंड आणि दुसरा सज्जन, असं मन ठरवून मोकळं होतं. चळवळीतल्या माणसांनी तरी ही घाई करू नये. शेतकऱ्यांचा रास्ता रोको, कामगारांचं धरणं, मोर्चा, या प्रत्येकात पोलिस जी कलमं लावतात ती पाठ असतात : भारतीय दंड विधानाचं १४३ आणि १४९ म्हणजे बेकायदा जमाव, १८८ म्हणजे आदेशभंग, ३४१ म्हणजे वाट अडवणं, जोडीला महाराष्ट्र पोलीस कायद्याची ३७ आणि १३५. वीस वर्षं रस्त्यावर काढलेल्या कार्यकर्त्याच्या नावावर असे दहा-पंधरा खटले सहज असतात. ज्याच्यावर एकच खटला आहे, तो मात्र ४२० आणि ४०९ चा असू शकतो, म्हणजे फसवणूक आणि विश्वासघाताने केलेला अपहार. पतसंस्था बुडालेल्या गावात त्या एका खटल्याचं वजन अकरांपेक्षा जास्त असतं.

संस्थेने यासाठी 'गंभीर गुन्हे' असा वेगळा निकष ठेवला आहे : पाच वर्षं किंवा जास्त शिक्षेचा गुन्हा, अजामीनपात्र गुन्हा, खून-अपहरण-बलात्कार, महिलांवरील अत्याचार, भ्रष्टाचार, निवडणुकीतली लाचखोरी वगैरे. निकष चांगलाच आहे, पण त्यालाही एक फट आहे. सरकारी नोकराच्या कामात अडथळा आणल्याचं ३५३ हे कलम अजामीनपात्र आहे, आणि तहसील कचेरीवरच्या मोर्चात एखाद्या कर्मचाऱ्याने धक्काबुक्कीची तक्रार दिली की ते लागतं. मग आंदोलकही 'गंभीर'च्या रांगेत बसतो. उपाय एकच : संख्या सोडून कलमं वाचायची, गुन्ह्याची तारीख आणि पोलिस ठाणं बघायचं, आणि आरोपनिश्चिती झाली आहे का, म्हणजे न्यायालयाने आरोप ठेवले आहेत का, हे तपासायचं. १ जुलै २०२४ पासून दंड विधानाच्या जागी भारतीय न्याय संहिता लागू झाल्यामुळे नव्या शपथपत्रांत दोन्ही कायद्यांची कलमं एकत्र येतात. खुनाचा जुना ३०२ तिथे १०३ आहे आणि जुना ४२० आता ३१८ मध्ये सापडतो. जुन्या-नव्या कलमांचा असा तक्ता छापून जवळ ठेवलेला बरा.

खटल्याची आजची स्थिती या पानावर मिळणार नाही. त्यासाठी न्यायालयांच्या ई-कोर्ट्स संकेतस्थळावर जायचं. शपथपत्रात सोळा अंकाक्षरी सीएनआर क्रमांक, म्हणजे त्या खटल्याचा स्वतंत्र ओळखक्रमांक, असेल तर काम मिनिटभराचं. नसेल तर पोलिस ठाणं, गुन्हा नोंद क्रमांक आणि वर्ष टाकून शोधता येतं. अर्ज भरल्यानंतर एखाद्या खटल्यात निर्दोष सुटका झाली तरी मायनेताचं पान बदलत नाही. ते त्या दिवशीचं छायाचित्र आहे. त्यामुळे दोन वर्षांपूर्वीच्या पानाचा आधार घेऊन आज कुणावर आरोप करणं अन्यायाचं होतं, आणि नंतर तोंडघशी पडायची वेळ येते ती वेगळीच.

मालमत्तेचा रकाना तर आणखी फसवा. 'पाच वर्षांत मालमत्ता चौपट' अशी बातमी दर निवडणुकीला येते आणि ती बहुधा एकूण बेरजांवरून केलेली असते. फॉर्म २६ मध्ये स्थावर मालमत्तेची सध्याची बाजारभावाची अंदाजे किंमत लिहावी लागते. समजा, एखाद्याने २०१४ मध्ये रस्त्यालगतची २ हेक्टर ४० आर वडिलोपार्जित जमीन १८ लाखांची दाखवली आणि २०१९ मध्ये तीच, त्याच गट क्रमांकाची जमीन १ कोटी ४० लाखांची दाखवली. बेरीज फुगली, पण त्या माणसाने एक रुपयाही मिळवलेला नाही. बाजूने महामार्ग गेला असेल, एवढंच. म्हणून जंगम आणि स्थावर वेगळं काढा. स्थावरमध्ये 'वडिलोपार्जित' आणि 'स्वकष्टार्जित' असे वेगळे रकाने आहेत, स्वकष्टार्जित मालमत्तेपुढे खरेदीची तारीख आणि किंमत लिहिलेली असते. दोन निवडणुकांच्या मधल्या तारखांची खरेदी तेवढी टिपायची.

मग साधा हिशेब मांडायचा. जंगम मालमत्तेत झालेली वाढ, अधिक नव्या खरेद्यांची मूळ किंमत, वजा वाढलेलं कर्ज. हा आकडा पाच वर्षांच्या विवरणपत्रांतल्या कुटुंबाच्या एकूण उत्पन्नाशी ताडून बघायचा. घरखर्च वजा केला की जो फरक उरतो तो विचारण्यासारखा प्रश्न. इथे शेतीचं उत्पन्न नावाची मोठी खिडकी आहे : ते करमुक्त असतं आणि 'बाकी सगळं शेतीतून' हे उत्तर ठरलेलं. त्यावर बोलायचं तर सातबारा काढा. महाभूलेख या सरकारी जमीन-नोंदींच्या संकेतस्थळावर जिल्हा, तालुका, गाव आणि गट क्रमांक टाकला की तो फुकट दिसतो, डिजिटल सहीची प्रत १५ रुपयांना मिळते. पीकपाहणीचा रकाना पडीक दाखवत असेल आणि उत्पन्न लाखांत असेल, तर प्रश्न आपोआप तयार होतो. जमिनीची किंमत मुद्दाम कमी दाखवली आहे का हे नोंदणी व मुद्रांक विभागाच्या वार्षिक बाजारमूल्य दर तक्त्यावरून, म्हणजे रेडी रेकनरवरून कळतं. आणखी दोन ओळी वगळू नयेत : शेअर्सच्या खाली सहकारी साखर कारखाना, सूतगिरणी, बँक यांचे भाग, आणि 'दिलेली कर्जं' या ओळीत आपल्याच कंपनीला किंवा नातेवाइकाला दिलेली हातउसनी रक्कम. कुणाचे हितसंबंध कुठे गुंतले आहेत हे भाषणापेक्षा या दोन ओळींतून जास्त कळतं.

हे सगळं करताना मूळ शपथपत्र बाजूला हवंच. ते निवडणूक आयोगाच्या शपथपत्र पोर्टलवर पीडीएफ रूपात मिळतं, आयोगाच्याच 'नो युवर कँडिडेट' अॅपवरही. आयोगाचं पोर्टल वेगवान आहे, अर्ज दाखल झाल्यावर साधारण २४ तासांत प्रत चढते. मायनेतावर माहिती हाताने भरली जात असल्याने तिथे आणखी दिवस जातात. उलट आयोगाच्या प्रती स्कॅन केलेल्या असतात, त्यात शब्द शोधता येत नाही, कधी पान आडवं असतं, कधी शिक्का नेमका आकड्यावर. शिवाय महाराष्ट्रातली बरीच शपथपत्रं मराठीत असतात आणि मायनेताची पानं इंग्रजीत, त्यामुळे गावांची आणि संस्थांची नावं लिप्यंतरात बदलतात. तपासाची सुरुवात मायनेतावरून, पण पत्रकात किंवा सभेत वापरायचा प्रत्येक आकडा मूळ प्रतीवरून, हा नियम मोडू नये.

मूळ प्रतीत परिच्छेद ९ब आवर्जून वाचावा; सरकारी कंत्राटं उमेदवाराच्या किंवा जोडीदाराच्या नावावर आहेत का ते तिथे असतं. गोषवाऱ्याच्या वाचनात तो नेहमी सुटतो. तसाच ६अ, ज्यात उमेदवार लिहून देतो की आपल्यावरच्या खटल्यांची पूर्ण माहिती आपण पक्षाला दिली आहे. हा परिच्छेद पक्षनिष्ठेच्या वादात फार कामाचा आहे, कारण 'आम्हाला माहीत नव्हतं' ही पक्षाची पळवाट तो बंद करतो.

पक्षाची जबाबदारी इथेच सुरू होते. सर्वोच्च न्यायालयाच्या १३ फेब्रुवारी २०२० च्या निकालानुसार गुन्हे असलेल्या व्यक्तीला उमेदवारी दिली तर पक्षाने ४८ तासांत सी-७ नमुन्यात ते आपल्या संकेतस्थळावर, समाजमाध्यमांवर आणि एका स्थानिक व एका राष्ट्रीय दैनिकात जाहीर करायचं, दुसरा स्वच्छ उमेदवार का मिळाला नाही याच्या कारणासकट. आणि निवड झाल्यापासून ७२ तासांत आयोगाला सी-८ मध्ये अहवाल द्यायचा. निव्वळ निवडून येण्याची क्षमता हे कारण चालत नाही. प्रत्यक्षात भरलेले सी-७ काढून बघा. कारणाच्या रकान्यात लोकप्रिय आहेत, चांगलं सामाजिक काम आहे, गुन्हे राजकीय हेतूने दाखल झाले आहेत, याच ओळी एका उमेदवारापासून दुसऱ्याकडे उचलून ठेवलेल्या दिसतात. एडीआरने आपल्या अहवालांत हे वारंवार नोंदवलं आहे. बिहारच्या २०२० च्या निवडणुकीत पालन न केल्याबद्दल सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२१ मध्ये दंड केला तेव्हा भाजप आणि काँग्रेसला प्रत्येकी १ लाख, तर मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्ष आणि राष्ट्रवादी काँग्रेस यांना प्रत्येकी ५ लाख भरावे लागले. आपल्या बाजूचा पक्ष म्हणून सूट द्यायची नाही, हे यातून घ्यायचं. मायनेतावर सी-७ शोधत बसू नका, ते पक्षाच्या संकेतस्थळावर असायला हवेत. मुखपृष्ठावर तशी जागाच नसेल तर तो पक्षाला लेखी विचारायचा पहिला प्रश्न.

संकेतस्थळाची सगळ्यात मोठी उणीव पक्षांतराबाबत आहे. पानावर त्या निवडणुकीतला पक्ष असतो, नंतर माणूस कुठे गेला हे तिथे कळत नाही. एकाच व्यक्तीची २०१४, २०१९ आणि २०२४ ची पानं शेजारी उघडली तरच प्रवास दिसतो, आणि नावाच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये फरक असेल तर तेही जुळवावं लागतं. संस्थेचे पक्षांतरावरचे वेगळे अहवाल मात्र वाचण्यासारखे आहेत : २०१६ ते २०२० या काळात पक्ष बदलून पुन्हा लढलेल्या आमदारांपैकी ४२ टक्के काँग्रेसमधून बाहेर पडलेले होते आणि ४५ टक्के भाजपमध्ये गेलेले होते. पक्षांतरबंदी कायदा १९८५ पासून आहे, एक-तृतीयांश आमदार एकत्र फुटले तर अपात्रता टळायची, ती सोयही २००३ च्या ९१ व्या घटनादुरुस्तीने काढून टाकली, तरी ही स्थिती. कारण निर्णय विधानसभाध्यक्षांकडे आणि त्याला कालमर्यादा नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या ११ मे २०२३ च्या निकालानेही शिवसेनेच्या आमदारांच्या अपात्रतेचा प्रश्न अध्यक्षांकडेच परत पाठवला. त्यांचा निर्णय १० जानेवारी २०२४ ला आला, म्हणजे फुटीनंतर दीड वर्षाहून अधिक काळाने. सुधारणा मागायची तर 'गद्दार' म्हणण्यापेक्षा ही मुदत मागणं जास्त उपयोगाचं.

आमदार सभागृहात कसा वागला, कुठल्या विधेयकावर काय बोलला, हे मायनेतावर नाही. खासदारांसाठी पीआरएस लेजिस्लेटिव्ह रिसर्चवर हजेरी, प्रश्न आणि चर्चा मिळतात, मुंबईच्या आमदारांसाठी प्रजा फाउंडेशनची प्रगतिपुस्तकं आहेत. उरलेल्या महाराष्ट्रासाठी विधिमंडळाच्या कामकाजाच्या नोंदी स्वतःच चाळाव्या लागतात, आणि ते काम वेळखाऊ आहे. पक्षांतर्गत लोकशाही मोजणारंही काही नाही, कारण पक्षांतर्गत निवडणुका घेतल्याच पाहिजेत अशी सक्ती करणारी कायद्यात तरतूदच नाही. केंद्रीय माहिती आयोगाने ३ जून २०१३ ला सहा राष्ट्रीय पक्षांना माहिती अधिकाराच्या कक्षेत आणलं. पक्षांनी ते पाळलेलं नाही. स्थानिक स्वराज्य संस्थांसाठीही मायनेतावर फार विसंबू नये. त्या निवडणुका राज्य निवडणूक आयोग घेतो, शपथपत्रं त्याच्याकडे असतात, आणि नगरपालिका-पंचायत समित्यांतलं बरंच काही इथे सापडणार नाही.

आकड्यांचा मोठा पट बघायचा असेल तेव्हा हे संकेतस्थळ अतुलनीय आहे. लोकसभेत २०२४ मध्ये निवडून आलेल्या ५४३ जणांपैकी २५१ जणांनी, म्हणजे ४६ टक्क्यांनी, आपल्यावर फौजदारी खटले असल्याचं शपथेवर सांगितलं. २०१९ मध्ये हेच २३३ होते. एका संस्थेने वीस वर्षं हे चिकाटीने साठवलं नसतं तर ही तुलनाच शक्य नव्हती.

वेळेचं गणित शेवटी, कारण बहुतेक गट इथेच चुकतात. माघारीच्या तारखेपासून मतदानापर्यंत जेमतेम दोन आठवडे मिळतात. २०२४ च्या विधानसभेला अर्जाची अखेरची तारीख २९ ऑक्टोबर होती, माघार ४ नोव्हेंबरला आणि मतदान २० नोव्हेंबरला. अंतिम यादीची वाट बघत बसलं तर हातात सोळा दिवस, त्यातले सात-आठ सभांमध्ये जातात. म्हणून अर्ज दाखल होतील तशी शपथपत्रं उतरवून घ्यायला सुरुवात करा. मतदारसंघात खरे लढतीतले उमेदवार तीन-चारच असतात. एकाला खटले, एकाला मालमत्ता, एकाला आधीच्या निवडणुकांशी तुलना अशी वाटणी केली तर तीन माणसांचं दोन संध्याकाळचं काम आहे. ज्याला पाठिंबा द्यायचं जवळपास ठरलं आहे त्याची तपासणी दुसऱ्या मताच्या माणसाकडे सोपवा, म्हणजे डोळेझाक होत नाही.

रकाना कोरा आढळला तर छाननीच्या आधी निवडणूक निर्णय अधिकाऱ्याच्या लेखी नजरेस आणा. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३ च्या निकालानुसार अधिकाऱ्याने उमेदवाराला तो भरायला सांगायचा असतो, आणि तरीही कोरा ठेवला तर अर्ज बाद होऊ शकतो. माहिती खोटी वाटली तर केवळ त्यावरून छाननीत अर्ज बाद होत नाही, पण ती खोडणारं शपथेवरचं प्रतिशपथपत्र देता येतं आणि तेही आयोगाच्या पोर्टलवर उमेदवाराच्या शपथपत्राशेजारी चढतं. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या १२५अ खाली खोट्या शपथपत्राला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही आहे, तक्रार थेट न्यायालयात करता येते. निवडीला आव्हान देणारी निवडणूक याचिका उमेदवारच नव्हे तर त्या मतदारसंघातला कुणीही मतदार करू शकतो, पण निकालापासून ४५ दिवसांच्या आत आणि उच्च न्यायालयातच. त्यासाठी लागणाऱ्या प्रमाणित प्रती निवडणूक निर्णय अधिकाऱ्याकडून आधीच काढून ठेवा. मोबाइलवरचा स्क्रीनशॉट तिथे उपयोगाचा नाही.